हमामखान्यातील इंग्रज पाहुणी : लेडी मेरी माँटेग्यू

आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांचे हात पाहिले, तर बहुतेकांच्या दंडावर किंवा कोपराखाली देवी काढल्याचे वण आढळतात. आजच्या विद्यार्थ्यांच्या हातावर ते नाहीत, कारण ज्या रोगासाठी ही टोचणी होत असे तो देवीचा रोग जगातून नाहीसा झाला आहे. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. या यशाचे श्रेय एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरास दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु जेन्नरच्या जन्मापूर्वी अठ्ठावीस वर्षे, १७२१ साली, एका इंग्रज बाईने लंडनच्या नामांकित डॉक्टरांदेखत आपल्या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचून घेतल्या होत्या. ही विद्या तिने कोणत्याही विद्यापीठात मिळविली नव्हती. तुर्कांच्या राज्यात राहून, तेथील लोकांच्या चालीरीती उघड्या डोळ्यांनी पाहून ती शिकली होती. या बाईचे नाव लेडी मेरी वर्टली माँटेग्यू. तिच्या तुर्की मुलुखातील वास्तव्याच्या आरंभीच, सोफिया शहरातील हमामखान्यात, तिला एक अनुभव आला. तो अनुभव आणि त्यानंतरचे तिचे आयुष्य पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

वडिलांच्या ग्रंथालयातील चोरटे शिक्षण

मेरीचा जन्म १६८९ साली लंडन येथे झाला. तिचे वडील एव्हलिन पिअरपाँट हे मोठे सरदार होते आणि पुढे ते ड्यूक ऑफ किंग्स्टन झाले. मेरी अगदी लहान असतानाच तिची आई वारली. काही वर्षे आजीने सांभाळ केला आणि आजीच्या पश्चात ती वडिलांच्या घरी आली. घरात पैशाची, नोकरचाकरांची कमतरता नव्हती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. त्या काळी इंग्लंडमध्ये सरदाराच्या मुलीला नाच, शिवणकाम, थोडे फ्रेंच आणि चारचौघांत बोलण्याची रीत एवढे आले की तिचे शिक्षण पुरे झाले असे मानीत. लॅटिन ही विद्वानांची भाषा, आणि ती मुलांसाठी राखलेली. ऑक्सफर्ड व केंब्रिजचे दरवाजे मुलींना बंद होते.

परंतु वडिलांचे ग्रंथालय मोठे होते आणि त्याला कुलूप नव्हते. मेरी रोज तासन् तास तेथे जाऊन बसे. ती कादंबऱ्या वाचते आहे असे घरच्यांना वाटे. प्रत्यक्षात ती एक शब्दकोश आणि एक व्याकरण पुढ्यात घेऊन, कोणाच्याही मदतीवाचून, लॅटिन शिकत होती. या चोरट्या अभ्यासाचे फळ म्हणजे १७१० साली, एकविसाव्या वर्षी, तिने एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचा लॅटिनवरून इंग्रजी अनुवाद केला आणि बिशप बर्नेट यांच्याकडे तपासण्यासाठी पाठविला. एपिक्टेटस हा मूळचा गुलाम. जे आपल्या हाती नाही त्याबद्दल दुःख करू नये आणि जे हाती आहे ते सोडू नये, अशी त्याची शिकवण होती. पुढील आयुष्यात या शिकवणीची मेरीला वारंवार गरज पडली.

तिच्या लग्नाचा प्रश्न निघाला तेव्हा तो मिळकतीच्या वाटाघाटींत अडकला. एडवर्ड वर्टली माँटेग्यू या पार्लमेंटच्या सभासदाचा तिच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार होता. परंतु होणाऱ्या पहिल्या मुलाच्या नावे इस्टेट आधीच बांधून द्यावी ही वडिलांची अट त्याने मान्य केली नाही. वडिलांनी दुसरे स्थळ ठरविले. मेरीला ते पसंत नव्हते. अखेर १७१२ च्या ऑगस्टमध्ये घरून निघून जाऊन तिने एडवर्डशी लग्न केले. हे लग्न फारसे सुखाचे झाले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. नवरा हिशेबी आणि थंड स्वभावाचा होता. पण त्याच्यामुळेच तिला पूर्वेकडचा प्रवास घडला.

देवीचा तडाखा

त्या काळात देवीचा रोग म्हणजे युरोपच्या घराघरांतील भय होते. राजा असो वा भिकारी, त्यातून कोणी सुटत नसे. ज्यांना देवी आल्या त्यांपैकी पाच-सहा जणांत एक तरी दगावे. जे वाचत त्यांतील कित्येकांची दृष्टी जाई आणि बहुतेकांचा चेहरा वणांनी भरे. १७१३ साली मेरीचा एकुलता एक भाऊ विल्यम वीस वर्षांचा असताना देवीने गेला. त्याच वर्षी मेरीला पहिला मुलगा झाला होता. त्यानंतर अडीच वर्षांनी, १७१५ च्या डिसेंबरात, तिला स्वतःलाच देवी आल्या.

त्या वेळी ती सव्वीस वर्षांची होती आणि लंडनच्या राजदरबारात तिच्या रूपाची व बुद्धीची वाखाणणी होत असे. ती जगेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते. ती जगली. परंतु चेहऱ्यावर खोल वण राहिले आणि पापण्यांचे केस कायमचे गेले. रूपावरच जिची किंमत ठरविली जाई त्या समाजातील तरुण स्त्रीला हा घाव किती मोठा होता याची कल्पना करता येईल. आरशाकडे पाहण्याचे धैर्य पुन्हा गोळा करीत असतानाच बातमी आली की, तिच्या नवऱ्याची तुर्की सुलतानाच्या दरबारी इंग्लंडचा राजदूत म्हणून नेमणूक झाली आहे.

प्रवास

१७१६ च्या ऑगस्टमध्ये हे कुटुंब लंडनहून निघाले. बरोबर तीन वर्षांचा मुलगा होता. हॉलंड व जर्मनीतून ते व्हिएन्नाला पोहोचले. ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांच्यात त्या वेळी युद्ध चालू होते आणि दोघांत समेट घडवून आणणे हेच नव्या राजदूताचे मुख्य काम होते. १७१७ च्या जानेवारीत, बर्फाने झाकलेल्या हंगेरीतून त्यांनी पुढचा रस्ता धरला. वाटेत पेट्रोवाराडिनची रणभूमी लागली. तेथे काही महिन्यांपूर्वी मोठी लढाई झाली होती आणि माणसांची व घोड्यांची प्रेते अजून पडलेली होती. ते पाहून राजांच्या महत्त्वाकांक्षेबद्दल मेरीच्या मनात कायमची चीड बसली.

बेलग्रेड येथे तुर्की अधिकाऱ्यांनी त्यांना सुमारे तीन आठवडे थांबवून ठेवले. तेथे त्यांचा मुक्काम अहमद बेग नावाच्या एका विद्वान गृहस्थाच्या घरी होता. रोज संध्याकाळी हे गृहस्थ मेरीला अरबी काव्याची माहिती देत, धर्म आणि कायदा यांवर चर्चा करीत. स्त्री म्हणून त्यांनी तिची विद्या हलकी लेखली नाही. तुर्क म्हणजे रानटी लोक असे युरोपातील पुस्तकांत वाचलेल्या या बाईचा पहिला पूर्वग्रह येथे गळाला.

सोफियाचा हमामखाना

बेलग्रेडहून ते सोफियाला आले. आज सोफिया ही बल्गेरियाची राजधानी आहे. त्या काळी ते तुर्की साम्राज्यातील एक संपन्न शहर होते आणि तेथील गरम पाण्याचे झरे दूरवर प्रसिद्ध होते.

हमाम हा शब्द मराठी वाचकांना परका नाही. मुंबईच्या कोट भागात हमाम स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. परंतु तुर्की मुलुखातील हमाम म्हणजे नुसते न्हाणीघर नव्हे. नमाजापूर्वीच्या शुद्धतेचे महत्त्व असलेल्या समाजात शहर वसले की मशिदीबरोबर हमाम उभा राहिलाच. पुष्कळदा तो वक्फाचा भाग असे. इस्तंबूलमधील चेम्बरलिताश हमाम १५८४ च्या सुमारास नूरबानू सुलतान या राजमातेने बांधविला, तो तिच्या धर्मादाय संस्थांना उत्पन्न मिळावे म्हणून. जगालोग्लू हमाम १७४१ साली झाला, आणि त्याचे उत्पन्न आयासोफिया येथील ग्रंथालयाच्या खर्चासाठी लावून दिलेले होते. लोकांनी अंघोळ करावी आणि त्या पैशातून ग्रंथ सांभाळले जावेत, ही योजना शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. स्त्रियांसाठी वेगळा हमाम किंवा वेगळे दिवस ठरलेले असत. तेथे बायका आठवड्यातून एकदा येत आणि चार-पाच तास थांबत.

मेरीने हा प्रकार पाहायचे ठरविले. सकाळी दहाच्या सुमारास तुर्की पद्धतीच्या झाकलेल्या गाडीतून ती हमामखान्यापाशी उतरली. इमारत दगडी, वर घुमट, भिंतीला खिडकी नाही, उजेड येतो तो घुमटातील झरोक्यांतून. असे एकाला एक लागून पाच घुमट होते. पहिल्या लहान घुमटाखाली दारावरची बाई बसलेली होती. तिला बक्षिसी देण्याची रीत होती, ती मेरीने पाळली. दुसरे दालन प्रशस्त, सगळी जमीन संगमरवरी, भिंतीलगत संगमरवराचेच दोन पायऱ्यांचे ओटे. चार कारंज्यांतून थंड पाणी कुंडांत पडत होते आणि तेथून जमिनीवरील पन्हळींतून पुढच्या दालनात जात होते. त्या पुढच्या दालनात गंधकाची वाफ इतकी होती की अंगावर कपडे ठेवून तेथे उभे राहणे अशक्य. उरलेल्या दोन घुमटांखाली गरम पाण्याचे हौद होते आणि ऊन पाण्यात विसण घालण्यासाठी थंड पाण्याच्या तोट्या होत्या.

तेथे सुमारे दोनशे स्त्रिया होत्या. मेरीच्या अंगावर प्रवासाचा, घोडेस्वारीचा इंग्रजी पेहराव होता. त्या जागी तो किती विचित्र दिसला असेल! शिवाय चेहऱ्यावर देवीचे ताजे वण. लंडनच्या दरबारात एखादी बाई जराशी निराळी पोशाख करून आली, तर पंख्याआड हसणे आणि कुजबुज सुरू होई, हे मेरीला पक्के ठाऊक होते. तशाच वागणुकीची तिने मनाशी तयारी केली असणार. परंतु येथे एकही बाई तिच्याकडे पाहून हसली नाही. कोणी टक लावून पाहिले नाही, कोणी कुजबुजले नाही. उलट सर्वांनी तिचे आदराने स्वागत केले आणि आपल्या भाषेत तिचे कौतुक केले. युरोपातील एकाही राजदरबारात परक्या बाईला अशी सभ्यतेची वागणूक मिळाली नसती, असे तिने नंतर नमूद केले.

ओट्यांवर गालिचे आणि उशा घातल्या होत्या. घरंदाज बायका खालच्या ओट्यावर, त्यांच्या दासी मागे वरच्या ओट्यावर. सगळ्या स्नानाच्या अवस्थेत असल्याने कपड्यांवरून लहानमोठी ओळखण्याची सोय नव्हती. तरीही कोणाच्या वागण्यात यत्किंचितही असभ्यता नव्हती. कोणी कॉफी वा सरबत घेत होत्या, कोणी हातात काम घेऊन बसल्या होत्या, कोणी दासींकडून वेण्या घालून घेत होत्या, आणि बोलणे तर अखंड चालू होते. पुरुषांना जसा कॉफीचा अड्डा, तसा बायकांना हा हमाम, हे मेरीच्या लगेच लक्षात आले. गावातील सोयरिकी, बाळंतपणे, भांडणे, औषधपाणी या सर्वांची खबरबात येथेच कळे.

त्यांतील सर्वांत मानाच्या दिसणाऱ्या बाईने मेरीला शेजारी बसविले आणि कपडे उतरवून स्नान करण्याचा आग्रह धरला. मेरीने परोपरीने माफी मागितली. आग्रह थांबेना, तेव्हा तिने वरचा अंगरखा थोडा उघडून आतली काचोळी दाखविली. त्या काळच्या इंग्रज स्त्रिया देवमाशाच्या हाडांच्या पट्ट्या शिवलेली आणि दोऱ्यांनी करकचून आवळलेली काचोळी घालीत. ती स्वतःच्या हाताने सोडविणेही कठीण. ते पाहताच सगळ्या जणी गप्प झाल्या आणि त्यांनी आग्रह सोडला. त्यांची समजूत अशी झाली की, ही एक पेटी आहे, नवऱ्याने बायकोला तिच्यात कोंडले आहे आणि ती उघडणे या बिचारीच्या हाती नाही.

युरोपातील लोक त्या काळी सर्रास म्हणत की, तुर्की स्त्रिया कैदेत असतात. येथे त्या तुर्की स्त्रियांनाच इंग्रज सरदाराची मुलगी कैदी वाटली. मेरी या प्रसंगावर नुसती हसून थांबली नाही, तिने त्यावर विचार केला. तुर्की राज्यातील विवाहित स्त्रीचा पैसा तिचा स्वतःचा असतो आणि तलाक झाल्यास ती तो बरोबर नेऊ शकते, हे तिने पुढे चौकशी करून लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये विवाहित बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई, आणि ते बदलण्यास १८७० व १८८२ चे कायदे यावे लागले. अर्थात मेरीने पाहिले ते बहुतेक सुखवस्तू घरांचे जीवन. ओट्यावर मागे बसलेल्या दासींच्या दुःखाकडे तिचे पुरेसे लक्ष गेले नाही, हेही खरे. तिच्यानंतर १८३६ च्या सुमारास इस्तंबूलला गेलेल्या ज्यूलिया पार्डो या दुसऱ्या इंग्रज लेखिकेने हमामातील स्त्रिया वस्त्र गुंडाळून असतात असे सांगून मेरीच्या वर्णनाला पुरवणी जोडली. आणि १८६२ साली अँग्र या फ्रेंच चित्रकाराने मेरीच्या पत्रांचा आधार घेऊन तुर्की हमामाचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात तिने सांगितलेली सभ्यता मात्र उतरली नाही. स्त्रियांच्या हमामात पुरुषाला प्रवेश नव्हता. न पाहिलेल्या गोष्टी कल्पनेने रंगविणाऱ्यांपेक्षा आत जाऊन पाहून आलेल्या बाईची साक्ष अधिक मोलाची मानली पाहिजे.

मुलासाठी घेतलेला निर्णय

सोफियाहून ते एदिर्नेला आणि तेथून मे १७१७ च्या अखेरीस इस्तंबूलला आले. मेरीने तुर्की भाषेचा अभ्यास सुरू केला. बाहेर पडताना ती तेथील स्त्रियांप्रमाणे बुरखा घेई. त्यामुळे ओळख न देता बाजारात, रस्त्यात, मशिदीत हिंडता येते, आणि हेही एक स्वातंत्र्यच आहे, असे तिचे मत झाले. वजिराच्या घरच्या स्त्रियांपासून सुलतानाच्या विधवेपर्यंत अनेकींच्या भेटी तिने घेतल्या.

याच काळात तिने देवी टोचण्याची चाल पाहिली. दरवर्षी उन्हाळा सरला की काही घरे मिळून पंधरा-सोळा जण एकत्र येत. मग एखादी जाणती म्हातारी अक्रोडाच्या टरफलात सौम्य देवीच्या फोडातील पू घेऊन येई. ती सुईने हातावर चार-पाच ठिकाणी खरवडून सुईच्या टोकावर मावेल तेवढा पू आत घाली आणि वर टरफलाचा तुकडा बांधी. मुले आठवडाभर खेळत. आठव्या दिवशी ताप येई, दोन-तीन दिवस अंथरुणात जात, थोडे फोड येत आणि वण न राहता बरे होत. त्यानंतर जन्मभर देवीचे भय नाही. ही विद्या केवळ तुर्कस्तानातच होती असे नाही. चीनमध्ये, आफ्रिकेच्या काही भागांत आणि आपल्या हिंदुस्थानात, विशेषतः बंगालमध्ये, टीका देणारे लोक ती जाणत होते. लंडनच्या रॉयल सोसायटीकडेही १७१४ पासून तिची टिपणे पोहोचली होती. पण ती कागदावरच राहिली. तेथील डॉक्टरांनी त्यांचा उपयोग केला नाही.

मेरीने ही पद्धत वर्णन करणारे पत्र आपली मैत्रीण सेरा चिझवेल हिला उद्देशून लिहिले आणि ही चाल इंग्लंडमध्ये नेण्याचा निश्चय केला. मात्र इतरांना सांगण्यापूर्वी तिने ती स्वतःच्या घरी करून पाहिली. १७१८ च्या मार्चमध्ये, नवरा कामानिमित्त बाहेर असताना, तिने पाच वर्षांच्या आतल्या आपल्या मुलाला देवी टोचून घेण्याचे ठरविले. राजदूतावासातील पाद्री विरोधात होता. ही ख्रिस्ती रीत नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. डॉक्टर चार्ल्स मेटलंड यांनी एका वृद्ध ग्रीक बाईला बोलावून आणले. तिचा हात कापत होता आणि सुई गंजकी होती. एका हातावर तिने टोचले, मुलाचे हाल पाहवेनात म्हणून दुसऱ्या हातावर मेटलंड यांनी आपल्या हत्याराने टोचले. पुढचे दिवस त्या आईने कसे काढले असतील? भाऊ याच रोगाने गेला होता, स्वतः मरणाच्या दारातून परतली होती, आणि आता तोच रोग आपल्या हाताने मुलाच्या अंगात घातला होता. मुलाला ताप आला, फोड आले आणि तो खडखडीत बरा झाला. मुलगी जानेवारीतच जन्मली होती. तिच्या दाईला पूर्वी देवी आल्या नव्हत्या आणि तिला संसर्ग होण्याचे भय होते, म्हणून मुलीची टोचणी तूर्त राहिली.

लंडनमधील लढा

१७१८ च्या अखेरीस मेरी लंडनला परतली. १७२१ च्या वसंतात शहरात देवीची जबर साथ आली. तेव्हा तिने मेटलंड यांना बोलावून मुलीला टोचण्यास सांगितले. तुर्कस्तानात निर्धास्त असलेले मेटलंड येथे कचरले. उद्या काही भलते घडले तर आपला धंदा बुडेल, म्हणून साक्षीदार हवेत असे त्यांनी सुचविले. एप्रिलमध्ये टोचणी झाली आणि डॉक्टर मंडळी मुलीला पाहून गेली. त्यांपैकी डॉ. जेम्स कीथ यांची मुले पूर्वी देवीने गेली होती. ही हसती-खेळती मुलगी पाहून त्यांनी आपल्या उरलेल्या मुलाला ताबडतोब टोचून घेतले.

युवराज्ञी कॅरोलाइन हिलाही यात रस वाटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूगेट तुरुंगातील सहा कैद्यांवर, सुटकेच्या अटीवर, प्रयोग करण्यात आला. आज असा प्रयोग कोणी न्याय्य मानणार नाही. सहाही जण जगले आणि सुटले. त्यांतील एका स्त्रीला देवीच्या रोग्यांच्या शुश्रूषेस ठेवले, तरी तिला रोग झाला नाही. एप्रिल १७२२ मध्ये युवराज्ञीच्या दोन मुलींना टोचण्यात आले.

विरोधही तितकाच कडवा होता. चर्चमधून व्याख्याने झाली की, रोग ही देवाची शिक्षा असून तीत ढवळाढवळ करणे पाप आहे. काही डॉक्टरांचा आक्षेप असा की, अडाणी बायकांची आणि परधर्मीयांची चाल आपण का उचलावी? आपल्याच मुलांचा जीव धोक्यात घालणारी आई म्हणून मेरीकडे बोट दाखविण्यात आले. १७२२ च्या सप्टेंबरात तिने आपले नाव लपवून, तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाच्या भूमिकेतून, वृत्तपत्रात लेख लिहिला. तुर्कस्तानातील म्हाताऱ्या बाया सुईच्या टोकाने जे काम हलक्या हाताने करतात, तेथे इंग्रज डॉक्टर मोठ्या जखमा करतात, जुलाब देतात, रक्त काढतात, आणि म्हणून रोगी दगावतात, हा तिचा मुद्दा होता.

टोचणीत धोका नव्हताच असे नाही. काही मृत्यू झाले, आणि टोचलेल्या माणसापासून इतरांना देवी येण्याचा संभव असे. मग खरे काय? याचा निकाल रॉयल सोसायटीचे चिटणीस जेम्स ज्यूरिन यांनी आकडे गोळा करून लावला. देवी आलेल्यांत पाच-सहांमागे एक मरतो, टोचलेल्यांत सुमारे पन्नासांमागे एक, असे त्यांनी दाखविले. वादाचा निर्णय आवाजाने न करता मोजणीने करण्याचे हे एक जुने व चांगले उदाहरण आहे.

सेरा चिझवेल हिने मात्र टोचून घेतले नाही. जिला उद्देशून ते पत्र लिहिले गेले ती मैत्रीण १७२६ साली देवीच्या रोगानेच मरण पावली.

उत्तरायुष्य

पुढे मेरीचे आयुष्य सरळ गेले नाही. प्रसिद्ध कवी अलेक्झांडर पोप हा आधी तिचा मित्र होता, तो वैरी झाला आणि त्याने काव्यातून तिची बदनामी केली. मुलगा शाळेतून वारंवार पळून गेला, कर्जात बुडाला, आणि उतारवयात तुर्की पेहराव करून इटलीत राहिला. १७३९ साली मेरीने इंग्लंड सोडले आणि वीसहून अधिक वर्षे ती फ्रान्स व इटलीत एकटी राहिली. तेथे ती बाग करी, वाचन करी आणि मुलीला पत्रे लिही.

त्यांतील १७५३ सालच्या पत्रांत तिने नातीच्या शिक्षणाबद्दल लिहिले. मुलीला भरपूर शिकू द्यावे, भाषा शिकवाव्यात, कारण वाचनासारखा स्वस्त आणि टिकाऊ आनंद दुसरा नाही, असा तिचा सल्ला होता. पण त्याबरोबरच तिने एक कटू सूचना केली. मुलीने आपली विद्वत्ता एखादे व्यंग लपवावे तशी लपवून ठेवावी, नाही तर लोक तिचा द्वेष करतील. वडिलांच्या ग्रंथालयात चोरून शिकलेल्या मुलीने साठीनंतरही आपल्या नातीला हेच सांगावे, यात त्या समाजाचा पराभव दिसतो.

नवरा वारल्यानंतर १७६२ च्या जानेवारीत ती लंडनला परतली. तिला छातीचा कर्करोग झाला होता. २१ ऑगस्ट १७६२ रोजी ती मरण पावली. परतताना वाटेत रॉटरडॅम येथे तिने आपल्या तुर्की प्रवासाच्या पत्रांची वही एका धर्मोपदेशकाच्या हवाली केली होती. मुलीच्या मनाविरुद्ध ती पत्रे १७६३ साली छापून निघाली आणि युरोपभर वाचली गेली. सोफियाचा हमामखाना त्यामुळेच आज आपल्याला ठाऊक आहे. १७८९ साली लिचफील्ड येथील कॅथीड्रलमध्ये हेन्रिएटा इंज या स्त्रीने मेरीचे स्मारक उभारले, ते देवीच्या टोचणीबद्दल कृतज्ञता म्हणून.

एडवर्ड जेन्नर याला लहानपणी याच जुन्या पद्धतीने टोचले होते. १७९६ साली त्याने माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीची लस वापरून तोच मार्ग निर्धोक केला. सहा वर्षांत ती लस आपल्या दारी आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि हिंदुस्थानातील ती पहिली लस ठरली. १९७५ साली भारतातून देवीचा रोग हद्दपार झाला.

पालकांनो, या चरित्रातील दोन गोष्टी घरी नेण्यासारख्या आहेत. लॅटिन शिकलेल्या त्या बाईने हातात गंजकी सुई असलेल्या अशिक्षित म्हातारीचे ज्ञान कमी लेखले नाही. तिने ते पाहिले, तपासले आणि घेतले. दुसरी गोष्ट अशी की, ती शिकली ती कोणी शिकविले म्हणून नव्हे, तर ग्रंथालयाला कुलूप नव्हते म्हणून. आपल्या मुलींना चोरून शिकावे लागू नये आणि शिकलेले लपवावे लागू नये, एवढे तरी आपण करू शकतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, परक्या घरी, परक्या गावी किंवा परक्या समाजात पाहुणे म्हणून जाल तेव्हा सोफियाच्या त्या दोनशे स्त्रियांची आठवण ठेवा, आणि तुमच्या दारी कोणी परके आले तर अधिकच ठेवा. निराळ्या पोशाखाची, वणांनी भरलेल्या चेहऱ्याची एक बाई त्यांच्यात आली होती, आणि एकीनेही तिला हसून लाजविले नाही.